मेंदूतल्या शिरा तुंबतात तेव्हा

वाशिष्ठीचे पाणी चढू लागले की चिपळूणची माणसे घड्याळाकडे बघतात. भरती किती वाजता आहे, याचा हिशेब करतात. २२ जुलै २०२१ रोजी बाजारपेठ बुडाली तेव्हाही वरून कोसळणारा पाऊस आणि खाडीतली भरती यांची गाठ पडली होती. वरून पाणी येतच राहते, खाली उतरायला वाट मिळत नाही, मग ते मागे सरकत घराघरांत शिरते. मेंदूच्या एका आजारात असेच घडते. रक्त मेंदूत व्यवस्थित पोचत असते. परत फिरायची वाट मात्र गुठळीने अडलेली असते.

डॉक्टरांच्या भाषेत हा ‘सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस’. रिपोर्टावर बहुधा ‘सीव्हीटी’ किंवा ‘सीव्हीएसटी’ एवढीच अक्षरे असतात. पक्षाघाताच्या शंभर रुग्णांत याचा जेमतेम एखादा असतो. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी मोजले तेव्हा दर दहा लाख प्रौढांमागे वर्षाला सुमारे १३ रुग्ण आढळले. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार होती. डच प्रमाण इथे जसेच्या तसे लागू होईल असे नाही, पण ढोबळ अंदाजाला ते चालेल. त्या हिशेबाने जिल्ह्यात वर्षाला वीसेक रुग्ण, म्हणजे महिना-दीड महिन्यात दोन-तीन घरे. आकडा लहान आहे. पण या घरांतला रुग्ण बहुतेक वेळा तिशीच्या आसपासचा असतो, आणि आजार वेळेत ओळखला तर तो पुन्हा पहिल्यासारखा कामाला लागण्याची शक्यता नेहमीच्या पक्षाघातापेक्षा कितीतरी जास्त असते. अडचण आहे ती ओळखण्यात.

नेहमीचा पक्षाघात धमनीत होतो. मेंदूकडे रक्त नेणारी वाहिनी बंद पडते, तिच्या हद्दीतला भाग उपाशी राहतो आणि काही मिनिटांत तोंड वाकडे होते, हात गळून पडतो. तो इतका एकदम येतो की घरच्यांना वेळही सांगता येते, ‘साडेसातला चहा घेताना’. शिरांच्या बाबतीत गोष्ट संथ चालते. मेंदूतले वापरलेले रक्त लहान लहान शिरांतून मेंदूच्या जाड आवरणातल्या रुंद पाटांत उतरते. डॉक्टर या पाटांना ‘सायनस’ म्हणतात. सर्दीत भरणाऱ्या नाकाजवळच्या सायनसशी त्यांचा संबंध नाही, फक्त नाव सारखे आहे. सर्वांत मोठा पाट कपाळापासून मागे टाळूखालून जातो, डोक्याच्या मागे त्याला डावीकडे आणि उजवीकडे फाटे फुटतात आणि कानामागून उतरून ते मानेतल्या मोठ्या शिरांना मिळतात. यातला एखादा पाट गुठळीने भरला तरी बाजूच्या शिरा काही दिवस भार उचलतात. मग दाब वाढतो, मेंदू सुजू लागतो, आणि फुगलेल्या बारीक शिरांतून रक्त झिरपते.

म्हणून पहिली खूण असते डोकेदुखी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या २१ देशांतल्या ६२४ रुग्णांच्या पाहणीत सुमारे ८९ टक्के रुग्णांचे डोके दुखत होते आणि जवळपास ४० टक्के रुग्णांना आकडी आली होती. याच पाहणीतला आणखी एक आकडा मला जास्त बोलका वाटतो: त्रास सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत निम्म्या रुग्णांचा एक आठवडा किंवा त्याहून जास्त काळ गेला होता. हे आकडे मोठमोठ्या रुग्णालयांतले आहेत.

आठवडाभर माणूस काय करतो, हे आपल्याला माहीत आहे. आधी पित्त म्हणून सोडा किंवा कोकम घेतले जाते. मग मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी येते. ‘अर्धशिशी असेल, आईलाही होती,’ असे कोणी सांगते. चष्म्याचा नंबर तपासून होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याने कधी कधी खरोखर फायदाही होतो, कारण बाहुली मोठी करून आत पाहिले तर डोळ्याच्या पडद्यामागची नस सुजलेली दिसते आणि डोक्यातला दाब वाढल्याचे तिथेच कळते. एरवी आकडी येईपर्यंत कोणी हलत नाही. आकडी आली, त्यात रुग्ण बाई असली आणि असंबद्ध बोलू लागली, तर ‘बाहेरचे आहे’ म्हणून नारळ-गाऱ्हाण्यात आणखी एक दिवस जातो. गाऱ्हाणे घालायला हरकत नाही. ते घालायला घरातले कोणीतरी जावे आणि रुग्णाला गाडीत बसवावे.

या डोकेदुखीचे काही गुण नेहमीच्या डोकेदुखीपेक्षा वेगळे असतात. ती दिवसागणिक वाढत जाते. आडवे झाल्यावर, पहाटे, खोकताना, वाकताना किंवा कुंथताना ती जास्त होते. सोबत उलट्या, धूसर दिसणे, एकाची दोन दिसणे, सुस्ती यांपैकी काही असते. ज्याचे डोके कधी दुखत नव्हते त्याचे दुखू लागते, किंवा अर्धशिशीचा जुना रुग्ण स्वतःच सांगतो की हे दुखणे नेहमीचे नाही. त्याच्या या वाक्यावर विश्वास ठेवावा.

आता बाळंतिणीकडे येऊ. भारतात या आजाराची ओळख पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणींचा आजार अशीच राहिली. प्रसूतीनंतर गर्भाशयातून फार रक्त जाऊ नये म्हणून निसर्गच स्त्रीच्या रक्ताची गोठण्याची क्षमता वाढवून ठेवतो. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे ती जास्त राहते. त्यात अंगात रक्त कमी असले, जंतुसंसर्ग झाला, शस्त्रक्रियेने प्रसूती होऊन बाई बिछान्याला खिळली किंवा शरीरात पाणी कमी पडले, की तोल ढळतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आहे. आणि पाण्याचे म्हणाल तर अजूनही काही घरांत बाळंतिणीला ‘पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल’ म्हणून पाणी मोजून दिले जाते. बंद खोली, शेगडी, धुरी, अंगावर लोकर, बाहेर मे महिन्याचा दमट उकाडा आणि दिवसभरात चार भांडी पाणी. आज्या-पणज्यांच्या बाळंतविड्यात खूप काही चांगले आहे: डिंकाचे लाडू, अळीव, मालिश, विश्रांती. पाणी तोडणे तेवढे सोडून द्यावे. दूध पाजणाऱ्या बाईला उलट जास्त पाणी लागते.

बाळंतिणीच्या डोकेदुखीत एक पेच आहे, तो सविस्तर सांगायला हवा. सिझेरियनसाठी पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल, तर नंतर काही बायकांचे डोके दुखते. मणक्याभोवतीचे पाणी सुईच्या भोकातून झिरपते म्हणून हे होते. ही डोकेदुखी उठून बसले की वाढते, आडवे झाले की कमी होते, आणि बहुतेकींची काही दिवसांत जाते. शिरांतल्या गुठळीची डोकेदुखी बहुधा याच्या उलट वागते. त्यामुळे ‘पाठीतल्या इंजेक्शनचे दुखणे’ म्हणून सांगितलेली डोकेदुखी दोन-चार दिवसांनी आपला स्वभाव बदलून आडवे झाल्यावरही ठणकू लागली, तर ती बाई पुन्हा डॉक्टरांसमोर जायलाच हवी. तसेच बाळंतपणानंतर आकडी आली की डॉक्टर आधी वाढलेल्या रक्तदाबाचा विचार करतात आणि ते बरोबरच असते. रक्तदाब ठीक असेल, किंवा रक्तदाबाच्या उपचारानंतरही बाई शुद्धीवर येत नसेल, तर मेंदूच्या शिरा पाहाव्या लागतात.

मात्र हा आता फक्त बाळंतिणींचा आजार राहिलेला नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये आपल्या ४२८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात २३० पुरुष होते आणि १९८ स्त्रिया. सरासरी वय ३१. कारणांत रक्तक्षय आणि रक्तातले वाढलेले होमोसिस्टीन आघाडीवर होते, त्यांच्या मागोमाग दारू; बाळंतपण सुमारे दहा टक्क्यांवर उतरले होते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या आयसीएमआरच्या रक्तविज्ञान संस्थेने तपासलेल्या ६१२ रुग्णांतही पुरुषच जास्त निघाले, आणि रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष पाचांपैकी जेमतेम एकात सापडला. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत गुठळीचे कारण घराण्यात नव्हते, रोजच्या जगण्यात शोधायचे होते.

होमोसिस्टीन हा रक्तातला एक घटक. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले की तो साचतो आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ४४१ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत ६७ टक्के जणांत बी-१२ कमी होते आणि ५८ टक्के जणांत होमोसिस्टीन जास्त. शहरी मध्यमवर्गात तर बी-१२ ची कमतरता ८१ टक्क्यांवर गेली होती. कोकणात मासे खाणारे पुष्कळ, त्यांना बी-१२ ताटातूनच मिळते. पण शुद्ध शाकाहारी घरेही इथे कमी नाहीत. एवढ्या लोकांत कमतरता असूनही गुठळी फारच थोड्यांना होते, म्हणजे एकटे होमोसिस्टीन पुरेसे नसते. त्याला जोडीदार लागतात: उन्हात दिवसभर राबून सुकलेले शरीर, रात्रीची दारू, जुलाब-उलट्या. आंब्याच्या हंगामात बागेत काढणीला असलेला किंवा भर उन्हात मिरकरवाडा बंदरात बोटीवर राबणारा तरुण गडी यात नेमका बसतो. कान फुटून महिनोन्‌महिने वाहत राहिला तर तो संसर्ग कानामागच्या पाटात उतरू शकतो, हेही लहान मुलांच्या आईबापांनी लक्षात ठेवावे.

आणखी एक कारण आपल्याकडे कॅलेंडर बघून येते. गणपती, गौरी, घरातले लग्न, सत्यनारायण. नव्या सुनेचा पहिला ओवसा आणि तारीख नेमकी आडवी येते. मग दुकानातून, बहुतेक वेळा चिठ्ठीशिवाय, पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात. त्यांतले नॉरएथिस्टेरॉन नावाचे संप्रेरक मोठ्या मात्रेत घेतले की शरीरात त्याचा काही भाग इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकात बदलतो, आणि इस्ट्रोजेन रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढवते. गर्भनिरोधक गोळ्यांचा धोका याच मार्गाने येतो. रमजानचे रोजे पूर्ण करता यावेत म्हणून गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हा आजार होतो, अशी नोंद इराणमधल्या डॉक्टरांनी केली आहे. देव वेगळा, कारण तेच. एखाद्या निरोगी बाईला चार दिवसांच्या गोळ्यांनी अपाय होण्याची शक्यता फार कमी असते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण पूर्वी पायात गुठळी झालेली, नुकतीच बाळंत झालेली, जोडीला अर्धशिशी असलेली, किंवा जिच्या घरात कोणाला तरुणपणी गुठळी झाली आहे अशी बाई कोण, हे दुकानदाराला कसे कळणार? त्यासाठी डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारावे लागतात. मला विचाराल तर पाळी आली म्हणून गौर रुसत नाही. पण तो निर्णय ज्या त्या बाईचा.

कोविडच्या लशीनंतर मेंदूत गुठळ्या झाल्याच्या बातम्या २०२१ मध्ये आल्या, तो याच शिरांचा विकार, पण तऱ्हा निराळी. त्यात रक्तातल्या प्लेटलेट्स घसरत, आणि नेहमीचे हेपॅरिन तिथे टाळले जाई. तो दुर्मीळ धोका लस घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांपुरता होता. तेव्हा लस घेतली म्हणून आज घाबरण्याचे कारण नाही.

संशय आला की पुढचा प्रश्न तपासणीचा. रत्नागिरीत सीटी स्कॅन होतो आणि आकडी आलेल्या रुग्णाचा तो बहुधा केलाही जातो. घोळ पुढे होतो. डाय न देता केलेला साधा सीटी या आजाराच्या बऱ्याच रुग्णांत नॉर्मल दिसतो. कधी गोठलेला पाट पांढऱ्या दोरीसारखा उमटतो, कधी डोक्याच्या मागच्या बाजूला पांढरा त्रिकोण दिसतो, पण तो शोधणाऱ्यालाच दिसतो. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ हे ऐकून नातेवाईक निर्धास्त होतात आणि आणखी चार दिवस जातात. शिरा पाहायच्या तर शिरांचीच तपासणी मागवावी लागते: डाय देऊन केलेली सीटी व्हेनोग्राफी किंवा एमआरआयसोबतची एमआर व्हेनोग्राफी. दुसरीला अनेकदा डायही लागत नाही, त्यामुळे गरोदर स्त्रीलाही ती करता येते. डी-डायमर या रक्ततपासणीचा थोडा आधार मिळतो, पण ती नॉर्मल आली म्हणून आजार नाहीच असे म्हणता येत नाही. वाचतानाही सावधपणा लागतो, कारण अनेक निरोगी माणसांत कानामागचा एक पाट, बहुधा डावा, मुळातच बारीक असतो आणि तो बंद असल्यासारखा भासतो. नातेवाइकांनी वैद्यकाची पुस्तके वाचण्याची गरज नाही. ‘डॉक्टर, मेंदूच्या शिरांचा फोटो काढला आहे का?’ एवढे एक वाक्य नम्रपणे विचारता येते.

निदान झाले की खरा वाद सुरू होतो, आणि तो घरच्यांशी असतो. स्कॅनवर बऱ्याच जणांच्या मेंदूत रक्तस्राव दिसतो. आणि डॉक्टर म्हणतात, रक्त पातळ करणारे इंजेक्शन द्यायचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, पुरुष मुंबईला. त्यामुळे संमतीची सही इथे सासू करते आणि होकार मुंबईहून फोनवर येतो. फोनवरचा नवरा विचारतो, ‘अहो, डोक्यात रक्तस्राव झालाय आणि तुम्ही रक्त पातळ करताय?’ प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर पुन्हा वाशिष्ठीत आहे. घरात पाणी शिरले ते खाली वाट बंद म्हणून. हा रक्तस्रावही मागे साचलेल्या दाबामुळे झालेला असतो. हेपॅरिन गुठळी विरघळवत नाही, ते तिला वाढू देत नाही. मग शरीर आपल्या पद्धतीने ती हळूहळू विरघळवते आणि दाब उतरतो.

हे पहिल्यांदा कोणी धाडसाने केले तर १९४२ मध्ये स्टॅन्सफिल्ड या ब्रिटिश स्त्रीरोगतज्ज्ञाने, एका बाळंतिणीवर. पुढची जवळपास पन्नास वर्षे डॉक्टरही त्या फोनवरच्या नवऱ्यासारखेच घाबरत राहिले. १९९१ मध्ये म्युनिकच्या डॉक्टरांनी आपली चाचणी प्रसिद्ध केली. वीस रुग्ण झाल्यावर ती थांबवावी लागली, कारण फरक उघड होता: हेपॅरिन मिळालेल्या दहांपैकी आठ पूर्ण बरे झाले, दोघांत किरकोळ दोष उरला, एकही दगावला नाही. खोटे औषध दिलेल्या दहांपैकी तिघे दगावले आणि एकच पूर्ण बरा झाला. त्यांनी जुन्या नोंदीही चाळल्या. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांपैकी ज्या २७ जणांना त्यानंतर हेपॅरिन दिले त्यांतले चार दगावले. ज्या १३ जणांना ते दिले नव्हते त्यांतले नऊ. वीस रुग्णांची चाचणी फार लहान, हे खरे. पण तेव्हापासून जगभराचा अनुभव याच दिशेने आहे. पोटात किंवा मांडीत त्वचेखाली दिले जाणारे हे इंजेक्शन महागड्या यंत्रणेवर अवलंबून नाही. आंबा घाटातून कोल्हापूर सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, पावसाळ्यात दरडींची टांगती तलवार, मुंबई त्याच्या दुपटीहून दूर. निदान इथेच झाले असेल तर पहिला डोस, आकडीचे औषध आणि मेंदूची सूज उतरवणारी सलाईन देऊनच रुग्णाला पुढे पाठवता येईल का, हे मोठ्या रुग्णालयातल्या मेंदूविकारतज्ज्ञाला फोनवर विचारून ठरवता येते.

नळी घालून गुठळी काढण्याची प्रक्रिया आकर्षक वाटते, पण ६७ गंभीर रुग्णांवरच्या चाचणीत ती साध्या औषधोपचारापेक्षा सरस ठरली नाही. सरसकट सगळ्यांसाठी ती नाही. मेंदू इतका सुजला की जिवावर बेतते, तेव्हा कवटीचे हाड काही महिने काढून ठेवतात. अशा ११८ रुग्णांच्या पाहणीत वर्षानंतर दोन-तृतीयांश हयात होते आणि एक-तृतीयांश स्वतःचे स्वतः करत होते. वाचायला हे आकडे उदास वाटतील, पण ही माणसे शस्त्रक्रियेविना बहुधा वाचली नसती. एकंदर रुग्णांचे चित्र बरेच उजळ आहे: आधी उल्लेख केलेल्या ६२४ जणांपैकी ७९ टक्के पूर्ण बरे झाले.

इंजेक्शनांनंतर गोळ्या. कारण तात्पुरते असेल, जसे बाळंतपण किंवा संप्रेरकांच्या गोळ्या, तर तीन ते सहा महिने. कारण सापडले नाही तर सहा महिने ते वर्ष. रक्तातच मोठा दोष असेल तर कदाचित जन्मभर. वॉरफॅरिन किंवा असिनोकुमॅरॉल स्वस्त आहे, पण त्यासाठी ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी वारंवार करून आकडा दोन ते तीनच्या मध्ये ठेवावा लागतो. ही औषधे आणि पालेभाजीतले के जीवनसत्त्व यांचे जमत नाही. पावसाळ्यात टाकळा, अळू, शेवग्याचा पाला रोज ताटात आणि उन्हाळ्यात अजिबात नाही, असे झाले की आकडा वरखाली होतो. भाजी बंद करू नये, प्रमाण सारखे ठेवावे. अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नये; नवे कोणतेही औषध, मग ते काढा असो की अँटिबायोटिक, सुरू करण्याआधी विचारावे. वारंवार तपासणीला तालुक्याला येणे जमत नसेल तर डॅबिगॅट्रानसारख्या नव्या गोळ्या आहेत. २०१९ मध्ये १२० रुग्णांवरच्या चाचणीत तिने वॉरफॅरिनइतकेच काम केले. दूध पाजणाऱ्या आईला मात्र नव्या गोळ्या देत नाहीत. हेपॅरिन आणि वॉरफॅरिन घेत असताना ती बाळाला खुशाल पाजू शकते, आणि हे तिला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे, नाहीतर घरातलेच बाळाला वरचे दूध सुरू करतात.

पुढचे मूल होऊ द्यावे की नाही, हा प्रश्न तिला वर्षभरात पडतोच. बहुतेकींना होऊ देता येते. वॉरफॅरिन चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना सांगावे, कारण गर्भाला ते घातक आहे आणि औषध बदलावे लागते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तिला हेपॅरिनची इंजेक्शने लागू शकतात. त्यासाठी पहिल्या तपासणीच्या दिवशीच मेंदूच्या शिरांचा जुना रिपोर्ट पिशवीत घालून न्यावा. तोवर तो माळ्यावर टाकू नये.